हलतंय का गं?

रविवार, संध्याकाळ

विमान आजही उडलं नाहीच. वारा फार होता. मला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही.

हा रिमोटच्या विमानाचा नाद अण्णांनी आई गेल्यावर लावून घेतलाय. विजापूर रोडच्या माळावर मी ते थर्माकोलचं विमान हातात धरून उभी, आणि अण्णा रिमोट घेऊन लांब लांब चाललेले. उडवण्याआधी सिग्नल कुठवर पोचतो ते बघायचं असतं म्हणे. मधेच थांबून रिमोटची दांडी हलवायचे आणि ओरडायचे, "हलतंय का गं?" शेपटीची पट्टी माझ्या बोटाशी थरथरायची. मी ओरडायचे, "हलतंय!"

आई गेल्यापासून घरात आम्ही इतकं तरी कधी बोललो? त्यांनी काही विचारावं आणि मला उत्तर ठाऊक असावं, असं तर झालंच नव्हतं. अण्णा पार बाभळीपाशी पोचले, बारीक दिसायला लागले. पट्टी तरी हलतच होती. मी सांगतच राहिले.

घरी येऊन नुसती पडले. स्वयंपाकघरातून अण्णांची हाक आली, "चार घास खातीस का गं?"

माझ्या तोंडून निघालं, "हलतंय."

"बरं," म्हणाले, आणि वाढायला घेतलं.