अनोळखी ट्रॅकर

सोमवार, ३ नोव्हेंबर

अक्षर कसलं आलंय हे!

संध्याकाळी सव्वासहा. पूर्णा नाक्यावर ट्रकांच्या रांगेत स्कूटर अडकलेली. फोन थरथरला — "अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरत आहे." उघडलं तर नकाशा. गोदामाच्या गेटपासून नाक्यापर्यंत लाल ठिपके, मी आले अगदी त्याच वाटेनं.

या सूचनेवर मी माझ्या चॅनलवर चार वेळा लिहिलंय. "फोनची खबर" — मोबाईलमध्ये नवीन काय आलं ते मराठीत सांगते, दोन-अडीच हजार लोक वाचतात. त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, घाबरू नका, शांतपणे शोधा! नाण्याहून जरा मोठा टॅग असतो. आपल्या चावीला लावला तर चावी सापडते. दुसऱ्याच्या सामानात टाकला तर तो माणूस सापडतो. तो माणूस आज मी आहे.

घरी आल्या आल्या बॅग उलटी केली. डबा, रेनकोट, ओळखपत्राची पिशवी, सगळं झटकलं. काही नाही. फोनवर पुन्हा शोधलं — "जवळपास ट्रॅकर आढळला नाही." आई म्हणाली, "काय हुडकतंस गो?" हेडफोन, म्हटलं. हे घरात कळलं तर गोदामाची नोकरी उद्याच बंद. म्हणून वहीत लिहितेय. हिला ब्लूटूथ नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज पुन्हा. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा! आणि काल्हेरमध्ये आमच्या गल्लीत शिरले की गायब.

म्हणजे कोणीतरी मला दारापर्यंत पोचवून मागे फिरतं?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चॅनलवर नेहमीचं टाकलं — घडीच्या फोनची बातमी, अपडेटनंतर बॅटरी उतरते त्यावर उपाय. लोकांना काय कळणार लिहिणारीचे डोळे सारखे आरशाकडे आहेत ते! एकानं विचारलं, टॅग कधी गप्प असतो, कधी बोलतो? मी मास्तरीणबाईसारखं उत्तर दिलं — "मालक जवळ असला की गप्प. मालकापासून लांब, दुसऱ्यासोबत फिरायला लागला की आपला फोन ओरडतो." पंचवीस जणांना आवडलं.

दुपारी एकला गेटवरून फोन, तुझे वडील आलेत. धावत गेले. बाबा उन्हात उभे, हातात दुधाची पिशवी. "काय झालं बाबा?" तर म्हणे, "काय न्हाय. आयलू सहज. चल, घरा सोड मना." दुपारी एकला दूध? पिशवी हातात घेतली तर दूध नासलेलं. शिफ्ट सोडून कशी जाणार! रिक्षात बसवून दिलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

पॅकिंगवरची भाग्यश्री — गणेशपुरीच्या बाजूनं एसटीनं येते, जिभेला हाड नाही — सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या बाबांना लय काळजी हाय तुझी! बघायला येतात, पोरगी कामालाच जाते ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना गोदामांचे नंबर कधी पाठ झालेच नाहीत. ए-बारा म्हणजे त्यांच्यासाठी अजून "चिंचवाला तुकडा". माझं गोदाम म्हणजे "चिंधूचं खाचर". आता तिथे ना भात, ना चिंच, ना चिंधू. सगळीकडे निळे पत्रे, सगळी गेटं एकसारखी. मीसुद्धा नकाशा लावूनच शिरते कधीकधी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वाट बदलली. कशेळीकडून वळसा घालून आले. टॅग वळसा घालून आला.

रस्त्याच्या कडेला थांबून "आवाज वाजवा" दाबलं. कुठूनतरी बारीक पी-पी आलं, आणि लगेच ट्रकाचा रिव्हर्स हॉर्न, मागे टँकर. ऐकायचं काय, कपाळ! पण एक कळलं — बॅगेत नाही, स्कूटरवर आहे.

तशीच हिरामणच्या गॅरेजला गेले. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता, म्हणून खरं ते सांगितलं. त्यानं डिकी, सीट, बाजूचे पत्रे, लाइटचा सांगाडा, सगळं उघडलं. नंबरप्लेटसुद्धा काढून मागे बघितलं. काही नाही. हँडलखालच्या लाल पुरचुंडीशी आला आणि हात मागे घेतला. "ह्यो देवीचा अंगारा. ह्याला हात न्हाय लावत आपण." मी तरी कुठे लावते! भाऊबीजेनंतर बाबा वज्रेश्वरीला गेले होते, तिथून आणून स्वतःच्या हातानं बांधलीय. निघताना उलट तिला हात टेकून नमस्कार केला. आई, आता तूच बघ गं.

सोमवार, १० नोव्हेंबर

सापडला! टॅग नाही, माणूस.

लोडिंगचा सुपरवायझर प्रितेश. त्याची स्कूटर रोज माझ्या शेजारी लागते. मागच्या महिन्यात त्यानंच विचारलं होतं, "उन्नती, तू कुठल्या रस्त्यानं जातेस गं? पूर्ण्याला फार ट्रॅफिक असतं." आज त्याच्या चावीच्या जुडग्याला पांढरा गोल टॅग बघितला. "कसला आहे हा?" तर हसून म्हणाला, "चावी हरवते ना माझी सारखी. तुझ्याच चॅनलवर वाचून घेतला."

हसला!

बुधवार, १२ नोव्हेंबर

मॅनेजरकडे तक्रार केली. पुरावा काय, विचारलं. नकाशांचे फोटो दाखवले. प्रितेशला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. सोमवारपासून त्याची ड्युटी खारबावच्या नव्या गोदामावर. आज पोटभर जेवले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रितेश खारबावला. माझ्या शेजारची जागा रिकामी. सव्वासहाला पूर्णा नाक्यावर फोन थरथरला.

तो नव्हता. मग कोण? देवा, मग कोण!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हेल्मेटच्या आतसुद्धा मागून कोणाचा श्वास येतोय असं वाटतं. पांढऱ्या गाडीवाला, पिशवीवाला, पानटपरीवर उभा असलेला, सगळेच तो वाटतात. आई म्हणाली, तोंड एवढंसं झालंय तुझं. बाबांनी नुसतं बघितलं. अलीकडे बोलतातच कमी. मीही कुठे बोलते?

आणि हे कमी म्हणून दुपारी बाबा पुन्हा गेटवर! पुन्हा "घरा सोड मना". या वेळी मी चिडले. म्हटलं, मी लहान आहे का पाळत ठेवायला? बाबा रिक्षात जाऊन बसले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कंपनीच्या चाकणच्या गोदामाला स्कॅनर-सिस्टीम बघायला माणूस हवाय. कधीपासून विचारत होते, मी टाळत होते. आज हो म्हटलं. फॉर्मवर सही केली. एक तारखेला रुजू. कंपनीच्या टेम्पोतून सामान जाईल, स्कूटरसुद्धा.

पळून चाललेय. दुसरं नाव नाही याला. जिथे जन्मले तिथल्या रस्त्याला मी घाबरते.

घरी सांगितलं. आई रडली. बाबांनी एकच विचारलं, "गाडी पन नेशील?" नेईन की, म्हटलं, तिथे कामाला जायला नको? नंतर ते कितीतरी वेळ ओटीवरून स्कूटरकडे बघत बसले होते. पोरगी जातेय त्याचं काही नाही, गाडीचं पडलंय! वाईट वाटलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

सापडला. आता खरंच सापडला.

चाकणला जाण्याआधी खारबावच्या नव्या गोदामात स्कॅनर जोडून द्यायचे होते. रविवार, आत चिटपाखरू नाही, रॅकसुद्धा अजून लागायचेत. ऊन नको म्हणून स्कूटर आतच घेतली, शटर अर्धं ओढलं. अचानक लक्षात आलं, इतकी शांतता मला तीन आठवड्यांत मिळाली नव्हती. "आवाज वाजवा" दाबलं.

पी-पी. पी-पी. हँडलखालून. पुरचुंडीतून!

देवीचं सोडायला हात धजेना. शेवटी माफी मागून गाठ सोडली. चिमूटभर अंगारा, हळदीचे तांदूळ, एक सुपारी, आणि पांढरा गोल टॅग. फोनच्या पाठीला लावला की मालकाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात. दिसले. त्या नंबरचं सिमकार्ड मीच घेऊन दिलं होतं.

बाबा.

घरात गप्प, आणि ओटीवर बसून फोनवर माझा माग! म्हणून गेटवर उगवायचे. म्हणून घरी आले की टॅग गप्प, मालक जवळ! मीच लिहिलं होतं ना ते? पंचवीस जणांना कळलं, मला नाही कळलं. आणि देवीच्या आड लपवला. मला कोणी अनोळखी भेटला असता तर एवढं लागलं नसतं.

तिथल्या तिथे नखानं झाकण उघडलं, सेल काढला आणि नाल्यात भिरकावला. नकाशावर शेवटचा ठिपका खारबावचा राहील. बसा बघत!

घरी आल्यावर कोणाशी बोलले नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी नऊला कामावर आईचा फोन. बाबा साडेसहाला दूध आणायला गेले ते आलेच नाहीत, फोनही उचलत नाहीत. मी केला. वाजतोय, उचलत नाहीत. डेअरीवर, देवळात, तलावावर, कुठेच नाहीत. आई फोनवर नुसती "गो बाय, गो बाय" करत होती. मला रविवारचा सगळा राग आठवला आणि त्याच्या खाली भीती — गेल्या तीन आठवड्यांची सगळी भीती हिच्यापुढे काहीच नव्हती.

अकराला फोन आला. प्रितेशचा! "तुझे बाबा इथे खारबावच्या गोदामावर आहेत. चालत आलेत बहुतेक, पाय सुजलेत. पाणी दिलंय. गेटसमोर बसून आहेत. आत जायचं म्हणतात, ओटीवर जरा पडतो म्हणतात. मी म्हटलं काका, हे गोदाम आहे."

काल्हेर ते खारबाव, पायी! उन्हानं डोकं फिरलं असणार. स्कूटर पिटाळली. बाबा शटरला टेकून बसलेले, एका हातात दुधाची पिशवी, एका हातात फोन. मला बघून असं हसले, जसा काही उशीर मलाच झाला होता.

आणि मी काय केलं? प्रितेशसमोर ओरडले. "शेवटचा ठिपका बघून इथवर आलात? एवढी पाळत?" बाबा उठून गाडीवर मागे बसले आणि माझा खांदा धरला.

प्रितेशला "चुकलं माझं" म्हटलं. तो म्हणाला, "ते राहू दे. काकांना डॉक्टरकडे ने." पायांसाठी म्हणाला असेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर

बाबा आंघोळीला गेले तेव्हा त्यांचा फोन उघडला. पाळतीचा पुरावा बघायला.

अॅपमध्ये तो एकच टॅग. टॅग विकणाऱ्या दुकानदारानं विचारलं असेल, नाव काय टाकू. नाव आहे "घर". खाली "दिशा दाखवा"चं बटण — दाबलं की बाईचा आवाज रस्ता सांगतो — आणि त्यानं दाखवलेले रस्ते. दूधडेअरी ते घर. तलाव ते घर. देऊळ ते घर — देऊळ तर आमच्या दारातून दिसतं. सकाळी आठनंतर, म्हणजे मी गाडी घेऊन गेल्यावर, निघाले असतील तर घर गोदामाच्या गेटवर. काल घर खारबावला.

बाबांना जवळ घेऊन विचारलं, काल फोन का नाही उचललात?

"कॉल घेतला का ती बाई बोलायची थांबते गो. मंग मना रस्ता न्हाय गावत. आयला नको सांगू."

चाकणला नाही कळवलं, टेम्पो रद्द केला. उद्या सकाळी बाबा दुधाला निघाले की मी मागून जाणार आहे. त्यांना दिसणार नाही इतक्या अंतरावरून.