रूथबाईंच्या नावाचा किद्दुश

प्रिय रूथबाई,

परवा शनिवारी तुमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये तुमच्या नावाचा किद्दुश झाला. आज सकाळी एसटीनं मेहकरला उतरले, आंघोळ केली आणि आधी हे लिहायला बसले. सिंधूकाकू सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या आहेत. पण जिच्यासाठी केलं तिला कोणी सांगायचं?

किद्दुश हा शब्द तुम्हीच आम्हाला शिकवलात. शनिवारची प्रार्थना आटोपली की सगळ्यांनी मिळून काळ्या मनुकांच्या शरबतावर आशीर्वाद म्हणायचा, मग थोडं खायचं, एकमेकांची विचारपूस करायची आणि घरी जायचं. मेहकरात तुमच्या ज्यू धर्माच्या तुम्ही एकट्या. दार लोटून एकट्याच प्रार्थना करायच्या. पण ती संपली की दार सताड उघडायचं आणि हाक यायची, "पुष्पा, सिंधूताई, या गं!" उकडलेली अंडी, खजूर, ओल्या नारळात कालवलेले गोड पोहे. सिंधूकाकू पडल्या पुजाऱ्याच्या घरच्या. अंड्यांकडे पाठ करून बसायच्या आणि पोह्यांचा फडशा पाडायच्या!

एकदा मी विचारलं होतं, "बाई, आम्ही तुमच्यातल्या नाही. मग आम्हाला कशाला?"

तुम्ही म्हणालात, "प्रार्थना करते मी एकटी. खाणंही एकटीनंच करू?"

मला ते लगेच पटलं. आमच्या विहारात वंदनेनंतर खीर वाटतात. ती न घेता पळणाऱ्या माणसाचा मलाही राग येतो.

शाळेतून निवृत्त झालात तेव्हा वाटलं, आता बाई कोकणात जाणार, नाहीतर भावाकडे इस्राएलला. तुम्ही गेला नाहीत. का, ते कधी सांगितलंही नाही. आजारपणही लपवलंत. गोळ्या दिसल्या की "व्हिटॅमिन आहे" म्हणायच्या! राग येतो हो तुमचा. चार दिवस आधी सांगितलं असतं तर उशाशी तरी बसलो असतो.

शेवटी दवाखान्यात तुम्ही हसत म्हणालात, "आमच्यात वर्षश्राद्धासारखा दिवस येतो. त्या माणसाच्या नावानं किद्दुश देतात. माझा कोण देणार?"

सिंधूकाकू फटकन बोलल्या, "आमी देतो ना! आमी काय मेलो काय?"

नर्सनं दटावलं तरी तुम्ही कितीतरी वेळ हसत होतात. नंतर भाच्यानं तुम्हाला गावी नेलं. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी वळली, आणि आम्ही तिथंच उभ्या राहिलो.

तुम्हाला जाऊन वर्ष भरत आलं तसा मी सिनेगॉगची किल्ली सांभाळणाऱ्या डॅनियलकाकांना फोन केला. त्यांनी आधी माझं नाव-गाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमची भावना पोचली. पण किद्दुश आम्ही कधीच बंद केला. बरीच घरं परदेशी गेली. सगळी प्रार्थना व्हायला दहा पुरुष लागतात, ते जमवतानाच नाकी नऊ येतात. प्रार्थना झाली की जो तो चपला घालून निघतो. खायला थांबतंय कोण?"

फोन स्पीकरवर होता. सिंधूकाकूंनी तो माझ्या हातातून ओढला. "थांबत काऊन नाही? आमी येऊन राह्यलो, सांगा त्याईले!"

काका हसायला लागले. म्हणाले, "या. मात्र बाहेरून शिजवून काही आणू नका. इथं येऊन, आमच्या भांड्यांत, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काय ते करा. शब्बाथला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटत नाही."

झालं! सिंधूकाकूंना नवी चिंता लागली. "थंडं अन्न कोण खाते बाई?" सोनाळ्याच्या माहेरापासून काकूंनी आयुष्यभर तव्यावरचं गरम वाढलेलं. शेवटी मीच म्हटलं, धपाटे करू. आमच्या बीबी गावाकडे प्रवासाला धपाटेच बांधून देतात, शिळे झाले की जास्त गोड लागतात. पीठ, तीळ, जवस, सगळं कोरडं सामान घेऊन आम्ही दोघी एसटीत बसलो.

तुमच्या गावची हवा दमट, पदर अंगाला चिकटतो. सिनेगॉग केवढं लहान, रूथबाई! निळी दारं, आजूबाजूला नारळ. डॅनियलकाकांच्या पत्नी फ्लोराबाईंनी मनुका आधीच भिजत घातल्या होत्या. शुक्रवारी दुपारभर त्या आमच्या शेजारी स्टुलावर बसून होत्या. आधी जरा लक्ष ठेवायला, मग गप्पा मारायला, आणि शेवटी धपाटे थापायला. तुमच्याबद्दल एकेक विचारत होत्या. शाळेत मारायची का? नाही, नुसती बघायची. एकटी कंटाळायची का? यावर मात्र आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कंटाळायच्या का हो तुम्ही?

शनिवारी सकाळी आम्ही डोक्यावर पदर घेऊन वर बायकांच्या सज्जात बसलो. खाली पुरुष एकेक करून येत होते. दहा झाले, मग अकरा, मग मी मोजायचं सोडलं. मेहकरहून कुणी बाया आल्यात ही बातमी काकांनी पार पनवेलपर्यंत पोचवली होती. प्रार्थनेतलं आम्हाला काही कळत नव्हतं. त्या सगळ्या हिब्रूत एकदम तुमचं नाव ऐकू आलं. सिंधूकाकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

प्रार्थना संपली आणि काका म्हणाले तसंच झालं. लोक सवयीनं दाराकडे वळले, चपला शोधायला लागले. मी हातात ताट घेऊन नुसतीच उभी! इतक्या लांबून आलो, आणि हे सगळं आता वाया जाणार?

तेवढ्यात सिंधूकाकू जिना उतरून थेट दारात उभ्या राहिल्या. लुगड्याचा पदर खोचलेला, दोन्ही हात चौकटीला.

"कुठी चालले जी? रूथबाईनं आमाले इतकी वर्सं खाऊ घातलं. आज तिच्या नावाचं हाय. तुमी तिचे मानसं ना? मंग बसा!"

मग एक म्हातारे गृहस्थ हसले आणि त्यांनी चपला परत काढल्या. बाकीचेही मागे फिरले. पेला हातात घेऊन डॅनियलकाका मराठीत म्हणाले, "मेहकरच्या रूथच्या नावानं." मग आशीर्वाद झाला. मेहकरच्या रूथ! ऐकलंत ना? त्यांनीच म्हटलं बरं, आम्ही नाही.

मग काय गोंगाट! धपाटे, जवसाची चटणी, अंडी, फ्लोराबाईंचे नारळातले पोहे. एका आजीबाईंनी सांगितलं, लहानपणी तुम्ही किद्दुशचे खजूर ओट्यावरच्या मांजराला चारायच्या, आणि मांजर तोंड फिरवून जायचं. हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत ते! लोक दुपारपर्यंत हलले नाहीत. उठता उठता फ्लोराबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचा किद्दुश माझ्याकडून." लगेच पनवेलचं एक तरुण जोडपं म्हणालं, त्यानंतरचा आमचा. सिंधूकाकूंना धपाट्यांची कृती सांगता सांगता घाम फुटला.

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो, तेव्हा डॅनियलकाका स्टँडवर आले होते. म्हणाले, "रूथ जिथं राहिली ते गाव आम्हालाही बघायचंय. थंडीत बस करून येतो. दहा पुरुष आणायची जबाबदारी माझी. शब्बाथची प्रार्थना तिथंच करू. जागा होईल का कुठं?"

मी पटकन हो म्हणून बसले. कुणाला विचारलं नाही, पाहिलं नाही. रूथबाई, मेहकरात तुम्ही इतकी वर्षं एकटीनं म्हटलेली ती प्रार्थना आता पुरी होणार.

माझी समोरची खोली मी रिकामी करणार आहे. सोफा अंगणात जाईल, दिवाण मागच्या खोलीत. मुलगा कुरकुर करील, करू दे. ते सगळे तुमचं नाव घ्यायला उभे राहतील तेव्हा कुणाला दाटीवाटी होणार नाही. हे माझं वचन.

तुमची,
पुष्पा