कडूबाई हे विशेषण खुले करण्याबाबत

मी, वाल्मिक पुंजाराम गर्जे, वय ७१, धंदा शिवणकाम, राहणार तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणाला शंका असेल तर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवीन.

१. मला मूलबाळ नाही. तिसगावातील दोन खोल्या, शिलाई मशीन व मोठी कात्री माझी भाची सत्यशीला हिला द्यावी. त्या कात्रीने कागद कापू नये. शेजारचा छगन ती मागायला येईल. माझी इस्त्री त्याने अजून परत केलेली नाही, तेव्हा त्याला दारातूनच वाटेला लावावे.

२. आता खरी मिळकत. लहानपणी मी व धाकटी बहीण साळूबाई आईवडिलांबरोबर श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जात असू. ते फडात गेले की दिवसभर पाचटाच्या कोपीत आम्ही दोघेच. तिथे आम्ही 'चिपाडी' नावाची भाषा काढली. तिच्यात विशेषणांच्या जागी माणसे होती. मुकादम सहादेवच्या घरचा चहा म्हणजे नुसते पाणी, म्हणून पातळ ते सगळे सहादेव: सहादेव आमटी, सहादेव गोधडी. पुढारी आप्पासाहेब भाषण ठोकून निघून जात, म्हणून नुसते गडगडून गेलेले ढग आप्पासाहेब ढग. आमची आई कडूबाई. थंडीत तिच्या कुशीत निजायचो, म्हणून ऊबदार ते कडूबाई.

नियम दोन, दोन्ही मीच केलेले. ज्याच्या नावाचे विशेषण, त्याला ते कळू द्यायचे नाही. आणि माणूस गेले की दहाव्याला कावळा शिवल्यावर त्याचे विशेषण बंद. सहादेव गेल्यावर आमटी कितीही पातळ झाली तरी आम्ही गुमान जेवायचो.

३. अकरा वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याला घाटावर कावळा शिवला तशी साळूने माझा हात धरला. म्हणाली, "दादा, आईचा शबुद तेवढा ऱ्हाऊ दे. आपल्या दोघांत."

मी म्हणालो, "न्हाई. नियम म्हंजी नियम."

ती न जेवताच सासरी गेली, ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. मीही गेलो नाही. चूक माझी होती, आणि ती मला त्याच संध्याकाळी कळली होती.

४. गेल्या श्रावणात साळूला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. तेव्हा मी गेलो. तिच्या पायांवर गोधडी ओढून विचारले, "कडूबाई हाय का गं?" ती आढ्याकडे बघत राहिली. तिला आता कोणाचीच ओळख नाही. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितले.

निघताना पावसाने फुगलेले दार काही केल्या उघडेना. सत्यशीला खांदा लावत सहज म्हणाली, "मामा, जोर लावा. आई असल्या दाराला वाल्मिक दार म्हनायची."

पोरीला काहीच ठाऊक नव्हते. मी बाहेर आलो, पायरीवर बसलो आणि रडलो.

५. सबब, कडूबाई हे विशेषण मी आजपासून खुले करीत आहे. चिपाडी बोलणारा आता मी एकटाच उरलो असल्याने याचा कोणाला उपयोग नाही, हे मला समजते. तरी साळू आहे तोवर सत्यशीलाने तिला पांघरूण घालताना तो शब्द म्हणावा.

६. वाल्मिक हे विशेषण माझ्या दहाव्याला बंद करावे. कावळ्याची वाट पाहू नये.

सही: वाल्मिक पुंजाराम गर्जे

साक्षीदार: १) अजिनाथ बडे २) गोरक्ष पालवे
(दोघांनी वाचून सही केली, काही विचारले नाही.)

ठिकाण: तिसगाव
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५