पाखऱ्याचा अर्धा चारा

पौष शुद्ध २, शके १८४२
कडब्याचा भाव ऐकून भोवळ आली. शेकडा पेंढ्यांना निजामाच्या हाली शिक्क्याचे बारा रुपये! गेल्या साली चार होते. युसूफ वडगावहून केजची कचेरी तीन कोस. रोज तट्टावर जाणे आता माझ्यासारख्या मुन्शीला झेपायचे नाही. निश्चय : जाताना पायी, लगाम हातात, येताना पाखऱ्यावर. काम निम्मे, म्हणून चाराही निम्मा. चार पेंढ्यांच्या जागी दोन. चाऱ्याचा अंमल आजपासूनच.

शुद्ध ३
वेशीपर्यंत चाललो. तिथे उभ्या मोहनरावांनी विचारले, तट्टू लंगडतंय का? पाखऱ्याची अब्रू राखायला बसणे भाग पडले.

शुद्ध ५
दव फार. बसून गेलो. पाखऱ्याने मान वळवून पाहिले. मी नजर चुकवली. पंतोजींच्या शाळेत पाठ केलेल्या श्लोकातले घोडे नुसता वारा पिऊन धावत. अहाहा, काय दिवस होते! तो श्लोक त्याला म्हणून दाखवला. पेंढी मात्र वाढवली नाही.

शुद्ध ८
गुडघा धरला. बसून गेलो. नवल म्हणजे, दोनच पेंढ्यांवर तट्टू तुकतुकीत! कचेरीत सर्वांना हा उपाय सांगितला. चाँद नालबंद नाल ठोकताना म्हणाला, "मुन्शीजी, तट्टू चिलीम वढतंय का काय? व्हट लई काळे हायेत." काळे ओठ हे जातिवंताचे लक्षण. त्याला काय कळणार!

शुद्ध ११
एकादशी. पाखऱ्याच्या सोबतीने मीही उपास धरला. भगर, रताळी, दाण्याची आमटी. उपाशीपोटी पायी कसे जाणार?

शुद्ध १२
सकाळी जेवायला बसलो तर भाकरीवर ऊन पडले. वर पाहिले. चुलीवरच्या छपराचा कडबा गायब, नुसते वासे. धुराने काळवंडलेली एकच पेंढी कोपऱ्यात लोंबत होती. स्वयंपाकाची गीताबाई परातीतून मान वर न करता म्हणाली, "तुमी चालाय लागंपर्यंत त्याला पुरंल, असं वाटलं व्हतं."
उद्यापासून पायी. जाऊन-येऊन. पाखऱ्याच्या गळ्याची शपथ.

शुद्ध १३
दव नव्हते. गुडघा दुखत नव्हता. वेशीत कुणी उभे नव्हते.
गीताबाईने माझ्या भाकरीसोबत ती शेवटची पेंढीही बांधून दिली. म्हणाली, "दुपारी त्याला घाला. लई लांब वझं नेतंय बिचारं."
पेंढी मांडीवर घेतली आणि पाखऱ्यावर बसलो. वाटेत एकही श्लोक आठवला नाही.