गुप्त खिडकीतून आसारामचा समाचार

३ नोव्हेंबर, सोमवार
वाचनालयात अपमान झाला. करणारा आसाराम. १९९१ साली नववीत ज्याला मी गणितात नापास केला, तोच. आता डाळिंबं पिकवतो आणि तिसगावातल्या वयस्कर मंडळींना इंटरनेट शिकवतो. मी फक्त पेपर वाचायला गेलो होतो. त्यानं खुर्ची दिली आणि सगळ्यांना विचारलं, इंटरनेट आणि वेब यांत फरक काय. कुणी बोलेना, म्हणून मी सांगितलं की फरक काही नाही, एक पूर्ण नाव आणि एक लाडाचं. पंधरा माणसं हसली. आसाराम हसला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, तसं न्हाई सर, इंटरनेट म्हंजी रस्ता अन् वेब म्हंजी रस्त्याकडंची दुकानं. त्याच रस्त्यानं ईमेलबी जातो, पर तो काय दुकान न्हाई. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. पहिल्या बाकावर नीलांबरी. माझी बायको. भाजी आणायला जाते म्हणून निघाली होती.
ठराव: महिन्यात सगळे शब्द पाठ. मग आसारामला भर वर्गात उताणा पाडायचा.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
नवी वही सुरू केली. पुण्याला मनवाला फोन केला. सूडाचं बोललो नाही, लेक असली तरी. ती म्हणाली, ब्राउजर म्हणजे पानं उघडायचं ॲप आणि सर्च इंजिन म्हणजे पानं शोधून देणारी साइट. मला माहीत होतंच. खात्री करून घेतली.

५ नोव्हेंबर
यूआरएल म्हणजे साइटचा पत्ता. आसारामच्या वर्गाचं पान उघडण्यासाठी वरच्या पट्टीत पत्ता घातला: तिसगाव वाचनालय, ता. पाथर्डी, पिनकोडसह. उघडलं नाही. नेट स्लो आहे.

६ नोव्हेंबर
नीलांबरीनं एका बोटात ते पान उघडून दिलं. मी उघडणारच होतो. पानाखाली कुणीही कॉमेंट लिहू शकतो. हे महत्त्वाचं.

७ ते ९ नोव्हेंबर
अभ्यास झाला नाही. सर्दी.

१० नोव्हेंबर
शस्त्र मिळालं. इनकॉग्निटो. काळी खिडकी उघडते, तीत टोपी आणि चष्मा. म्हणजे माणूस अदृश्य. पाठांतराची आता गरज नाही.

११ नोव्हेंबर, दुपारी ३
पहिला वार. काळ्या खिडकीतून लिहिलं: 'शिक्षकाचं गणित कच्चं आहे. एक माहीतगार.' लिहिण्याआधी पानानं माझं नाव आणि पासवर्ड मागितला. दिला. गुप्तहेरालाही स्वतःच्या ऑफिसात ओळख सांगावीच लागते.

१२ नोव्हेंबर
उत्तर आलं. 'मताबद्दल आभार. वर्गाला या.' हादरलेला दिसतो. माझी कॉमेंट मात्र गायब. पुरावा नष्ट केला, म्हणजे वर्मी बसलं.

१४ नोव्हेंबर
आज सात कॉमेंटी. सातवी जरा जहाल, 'डाळिंबाची अक्कल डाळिंबात दाखवावी' अशी. उत्तर: 'बीपीची गोळी घेतली का?' ही उघड धमकी. माझ्या बीपीबद्दल त्याला कोणी सांगितलं? नीलांबरीला विचारलं. ती म्हणाली, घेतली का ते आधी सांगा.

१७ नोव्हेंबर, दुपारी १
नववी कॉमेंट. दोन मिनिटांत उत्तर: 'पुरे आता. पानं वाढलीत.' वेबची पानं वाढली असा अर्थ असावा. विचार करत होतो, तेवढ्यात नीलांबरीनं जेवायला हाक मारली. निष्कर्ष राहून गेला.

२१ नोव्हेंबर
नियतीनं साथ दिली. माळ्यावरचा पितळी हंडा काढला, तर त्याखाली अंथरलेला कागद म्हणजे आसारामचा वार्षिक परीक्षेचा पेपर. शंभरपैकी अकरा, लाल शाईत, खाली माझी सही. फोटो काढला. अपलोड केला (आपल्याकडून तिकडं गेलं की अपलोड, तिकडून आलं की डाउनलोड). खाली लिहिलं: 'हाच तुमचा गुरुजी.' नीलांबरी गिरणीत गेली होती. घर शांत. फार दिवसांनी हलकं वाटलं.

२२ नोव्हेंबर
उत्तर नाही. पेपर गायबही नाही. आसाराम संपला.

२३ नोव्हेंबर, रविवार
आसाराम घरी आला. मी काठी जवळ घेतली. त्यानं पाया पडून पाटीभर डाळिंबं ठेवली. म्हणाला, सर, पेपर बघितला. अकराच हुते, बरुबर हाय. पर चौतीस वर्सं तुमी त्यो जपून ठिवला, ह्ये काल वर्गात वाचून दाखवलं तवा माझ्याच्यानं पुढं शिकवंना. तुमी मला इसरला न्हाई.
मी विचारलं, मीच टाकला हे कसं कळलं. तो म्हणाला, वर तुमचं नाव हाय की, अन् निरोपसमारंभाचा फेट्यातला फोटू.
मग सावधपणे बाकीच्या कॉमेंटींचं विचारलं. त्याला एकही माहीत नव्हती. फवारणी चालू हाय, पान काकूच बघत्यात म्हणाला. पहिल्या दिवसापासून नीलांबरी ॲडमिन आहे.
तिनं चहा ठेवता ठेवता सांगितलं की इनकॉग्निटोत फक्त आपल्या फोनमध्ये हिस्टरी राहत नाही. नाव घालून आत गेलं की जगाला दिसतं. बाकीच्या नऊ कॉमेंटी तिनं कुणी बघायच्या आत काढल्या. हीही काढणार होती, पण गिरणीतून येईपर्यंत आसारामनं नेमकी हीच वाचली होती.
त्यानं पेपर मागितला. फ्रेम करायचाय म्हणाला. हंड्याचा गोल डाग पडलेला तो कागद मी दिला. डाग कशाचा, ते मी बोललो नाही. नीलांबरीही बोलली नाही. फाटकापर्यंत गेला तरी तो कागद दोन्ही हातांनी धरून चालला होता. मला डाळिंब गेलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
नवी तुकडी सुरू. आसारामला फवारणीतून सवड नाही, म्हणून शिकवणार नीलांबरी. मी म्हणालो, मला घरीच सांग. नाही म्हणाली. अकरा वाजता वर्गात यायचं, आणि वही आणायची.