कमळ माझ्या नावाने खेळली

१९ जुलै १९८६, बोईसर
डी.एड.च्या यादीत दोन मार्कांनी बाहेर. पण खेळाडूंच्या जागेवर नाव लागलं, जिल्ह्याच्या कबड्डी सर्टिफिकेटामुळे. बाबांनी कॉलनीत पेढे वाटले. माझा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. त्या सामन्यांच्या आठवड्यात मी काविळीने अंथरुणावर होते. पी.टी.च्या सरांनी माझ्या नावाने आधी माझ्याच वर्गात असलेल्या कमळला उतरवलं. तिने तेव्हा शाळा सोडलेली. हे घरी कोणालाच माहीत नाही; त्यांना वाटतं, मी बरी झाल्यावर खेळले.

२२ जुलै
डी.एड.चं पत्र आलं. शुक्रवारी पालघरला पडताळणी. मूळ सर्टिफिकेट, संघाचा फोटो, सोबत पालक. बाबांनीच फोडलं. "फोटो कुठाय गं?" शोधते म्हटलं. दप्तरातच आहे.

२३ जुलै
सरांकडे गेले. आधी हसले. "फोटो एवढासा. चेहरे कोण बघतंय?" मग दार लोटून, "तू तोंड उघडलंस तर माझी नोकरी जाईल." सायकल हातात धरून घरी आणली.

२४ जुलै
कमळला तिच्या कारखान्याच्या गेटबाहेर गाठलं. दातिवरे गावची, पण इथे मावशीकडे राहून औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करते. म्हणाली, "तू जा बिनधास्त. मी कोनाला सांगनार नाय." थोडं चालून, "शेवटच्या चढाईत तिघींना मारलं मी. घरी कोन मानतच नाय. कागद हाय कुटं माज्याकडं?"

२५ जुलै, शुक्र.
टेबलापलीकडे चष्मेवाले साहेब. बाबा शेजारी. "यात तू कुठली?" कमळ मधोमध बसलीय, ढाल मांडीवर. तिच्यावर बोट ठेवलं की सुटले. बोट उचललंही. बाबा माझ्याकडे कौतुकाने बघत होते.
"मी यात नाही."
साहेबांनी चष्मा काढला. "मग तुझ्या नावाने कोण खेळलं?"
घाबरून सगळं सांगून टाकलं. कमळचं पूर्ण नाव, गाव, कारखानासुद्धा. सरांचंही. त्यांनी एकेक शब्द उतरवून घेतला. "निकाल पत्राने कळेल."
पालघरहून आल्यापासून बाबा खिडकीकडे तोंड करून बसलेत.
माझी जागा गेली तर गेली. पण कमळचा पत्ता त्यांनी कशाला उतरवून घेतला? विचारायला हवं होतं. उद्या तिची सकाळची पाळी. पत्र तिच्या कारखान्यात गेलं तर? त्याआधी मीच जाऊन सांगायला हवं, आणि तेच सगळ्यात अवघड. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर उभी राहीन.