यम्माचा आवाज

धाकट्या भावा इद्दर,

अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो. माणूस परकी भाषा कशी शिकतो, यावर पुस्तकं लिहून तू पॅरिसात प्राध्यापक झालास. गेल्या रमजानात रोजा सोडताना आपल्या आईनं, यम्मानं, घरच्या डोंगरी बोलीत पाणी मागितलं, तर तू पेला मागे घेतलास. "फ्रेंचमधून माग, यम्मा. तहानेसारखा मास्तर नाही!" तुझी पोरं खिदळली. ती म्हणाली, "राहू दे लेकरा, तहान मेली." त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही.

आता नव्या पुस्तकासाठी तुला तिची बोली ध्वनिमुद्रित करायची आहे. फोनवर मी म्हणते, "झोपलीय रे." तिला पुरून महिना झाला. खांदा द्यायला तुला मुद्दामच बोलावलं नाही. हे पत्रही टाकणार नाही. तू यंत्र घेऊन ये. मी तुला कबरीपाशी बसवीन.

तुझी बहीण,
इत्तो